पिवळी खूण

दस्तगीरचाचांना तीन वर्षं झाली, वास येत नाही.
त्या तापानं नेला आणि परत आणून दिला नाही.
चहात आलं आहे का, हे ते मला विचारतात.
सांडलेलं डिझेल त्यांना पाय घसरल्यावर कळतं.
आणि उद्यमनगरात नेमक्या आमच्या दारात
मगदूमबाई गाडी उभी करून म्हणतात,
"धुराचा वास येतोय. सगळे म्हणतात, येत नाही."

गाडी नवी. एकवीसशे किलोमीटर.
मागच्या सीटचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही.
शोरूमवाल्यांनी तीनदा स्कॅनर लावला,
तीनदा हिरवी बरोबरची खूण दाखवली.
"नव्या गाडीला असतोच वास, मॅडम."
नवरा म्हणाला, तुझं नाकच तिखट.
पण रोज शाळेतून येताना कावळा नाक्याला
सिग्नल पडला, गाडी थांबली,
की कपाळाच्या मधोमध
कुणीतरी खिळा धरून उभं राहतं.

चाचा हसले नाहीत.
"गाडी रात्री हितंच ऱ्हाऊ दे. सकाळी गार पायजे मला."

गार लोखंड खरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं.
तापलं की ते फुगतं, फट अर्धी मिटते,
आवाज दबतो.
वास तेवढा राहतो, आणि वास
साक्षीला कोण बोलावतं?

सकाळी सहा. शेजारची भट्टी पेटायची होती.
मी चावी फिरवली. चाचांनी हात वर केला.
टिक् टिक् टिक् टिक्
पाल चुकचुकावी तसं, इंजिनाच्या पाठीमागं.
दीड मिनिट. मग गप्प.
"ऐकलंस?"
ऐकलं होतं. पण पालीचा पत्ता
चुकचुकण्यावरून लागतो होय?

बंद केली. पुन्हा गार होऊ दिली.
सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरचा पाइप, भोवती चिंध्या,
वाटीत कपड्याच्या साबणाचा फेस,
चाचांचा जुना दाढीचा ब्रश.
मॅनिफोल्डला फेस लावला. काही नाही.
ईजीआरच्या पाइपाला. काही नाही.
खालच्या लवचिक जाळीला, आडवं होऊन, डोळ्यांत माती घेऊन,
काही नाही.
मग टर्बोवरचा पत्रा. चार बोल्ट,
त्यातल्या तिसऱ्यानं माझ्या बोटाचं सालटं ठेवून घेतलं.
आत, टर्बो जिथं पुढच्या नळीला जुळतो तिथं,
काजळाचं बोट ओढावं तशी रेघ.
फेस लावला
आणि तान्ह्याच्या ओठावर येतो तसा
एक बुडबुडा हळूच वर आला, फुटला,
दुसरा आला.

क्लॅम्पच्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ होती,
नटावरून बोल्टावर, सरळ, स्वच्छ.
कारखान्यातल्या कुणीतरी ओढलेली:
आवळलं, तपासलं, पुढची गाडी.
मी दोन बोटं लावली. नट फिरला.
खूण होती, पीळ नव्हता.

मगदूमबाईंना आरसा धरून दाखवलं.
पदर खोचून त्या वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या.
"म्हणजे मला येत होता."
"तुमाला येत हुता," चाचा म्हणाले,
"मला न्हाई यायचा. म्हणून ऐकलं."

नवा क्लॅम्प आणि गॅस्केट यायला चार दिवस,
त्यातले तीन फोनवर भांडण्यात.
मग टॉर्क पाना, श्वास धरून, टक् होईपर्यंत.
टक् झालं.
पिवळा रंग आमच्याकडं नव्हता.
मी खिशातली नेलपॉलिश काढली,
एक लाल रेघ ओढली, नटावरून बोल्टावर.
चाचांनी बघितलं, बोलले नाहीत,
पाना घेऊन पुन्हा एकदा लावून बघितला.
टक्.

तिघं मिळून कावळा नाक्याला गेलो.
सिग्नल लाल, पंखा पूर्ण, बाहेरची हवा आत.
चाचा मागून, "काय येतंय?"
"काही नाही."
आकडे उतरत होते. बावीस. एकवीस.
"थांबा," बाई म्हणाल्या, "गूळ."
शेजारी ताडपत्री बांधलेला ट्रक, मार्केट यार्डाकडं निघालेला.
चाचांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली
आणि जुन्या सवयीनं
छाती भरून श्वास घेतला.